संपली एकदाची बंदी!

नमस्कार, श्रोतेहो. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, हे हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत पोराटोरांनाही पाठ असतं. तरी ३१ जुलै मावळला की घराघरांतून ऐकू येतं, “संपली एकदाची बंदी!” तारीख तर आधीच ठाऊक होती, मग हायसं वाटलं ते कशाचं?

१९५९ साली आर्थर प्रायर या तत्त्वज्ञाने हाच प्रश्न मांडला होता. उदाहरण माझं, युक्तिवाद त्याचा. ‘बंदी ३१ जुलैला संपते’ हे वाक्य जूनमध्येही खरं होतं, पण तेव्हा ते आठवून कुणी सुस्कारा सोडला नाही. सुटकेचा आनंद असतो तो बंदी आता मागे पडली याचा. म्हणजे भूत, वर्तमान, भविष्य हे भेद काळाच्या पोटातच आहेत, असं प्रायरचं म्हणणं.

विरोधी पक्ष म्हणतो, घटनांमध्ये फक्त आधी-नंतरचं नातं असतं, आणि ते कधी बदलत नाही. (या दोन रचना १९०८ साली मॅकटॅगर्ट या तत्त्वज्ञाने वेगळ्या करून दाखवल्या, त्याने तर काळच खरा नाही असा निष्कर्ष काढला.) आपला भरतीचा हिशेब घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण हाती येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास. या हिशेबात ‘आता’ कुठेच नाही, तरी तो चुकत नाही.

पण खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि भरतीशिवाय होडी त्यावरून निघणार नाही. तांडेलाला भरती तीनला हे माहीत आहे, पण आता तीन वाजलेत हे कळलं नाही, तर होडी आतच राहील. ह्यू मेलर या तत्त्वज्ञाने १९८१मध्ये इथेच बोट ठेवलं: ‘आता’ ही जगातली वेगळी वस्तुस्थिती नव्हे, पण वेळेवर हालचाल करायला ती समजूत लागतेच.

मला हे अर्धंच पटतं. होडी सोडणं ही कृती झाली. बंदी सरल्याच्या सुस्काऱ्यात करायचं काहीच उरलेलं नसतं, तरी तो सुटतो. इथे मी प्रायरच्या बाजूने आहे. मात्र माझ्या बाजूची खरी अडचण वेगळीच आहे. १९०५ साली आइन्स्टाइनने दाखवलं की दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही, हे पाहणाऱ्याच्या गतीवर ठरतं. मग अख्ख्या विश्वाचं एकच ‘आता’ कुठून आणायचं? प्रायरच्या वाटेने जाणारे अभ्यासक आजही या प्रश्नाशी झगडत आहेत.