गेस्टनं लिहिलं, होस्टला दिसलंच नाही

नमस्कार मंडळी, ठाण्याहून बोलतोय. आधी हा स्क्रीन बघा. आर्म प्रोसेसरच्या बोर्डवर केव्हीएम आहे, म्हणजे लिनक्स कर्नलमधली आभासी यंत्रं चालवायची सोय. क्यूएमू ह्या प्रोग्राममध्ये गेस्ट, म्हणजे आभासी यंत्र, चालू आहे; खालचं खरं यंत्र म्हणजे होस्ट. ह्या आडव्या, तुटक रेघा दिसतायत? झूम करतो. प्रत्येक तुकडा १६ पिक्सेलचा, नाहीतर त्याच्या पटीत. एका पिक्सेलचे ४ बाइट धरले तर ६४ बाइट. म्हणजे अख्खी एक कॅश लाइन, प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचा, कॅशचा, एक तुकडा!

दोन रात्री मी ग्राफिक्स ड्रायव्हर चाळत बसलो होतो. चूक तिथे नव्हतीच.

जांभळी नाक्यावरचं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. गल्ल्यावर कच्ची वही, आत कपाटात पक्की. कच्ची वही म्हणजे कॅश, पक्की म्हणजे रॅम. गल्ल्यावरचे दोघे भाऊ एकमेकांच्या कच्च्या वह्या बघत असतात, म्हणून हिशोब जुळतो. कोअर-कोअरमध्ये हार्डवेअर हेच करतं. पण एक भाऊ थेट आत जाऊन पक्क्या वहीत लिहायला लागला तर? गल्ल्यावरचा जुनाच आकडा वाचणार. त्याहून वाईट म्हणजे, त्यानं आपलं पान नंतर पक्क्यात उतरवलं की नवी नोंद गेलीच.

इथे तेच झालं. फ्रेमबफर म्हणजे पडद्याचं चित्र साठवणारी मेमरी. गेस्ट तिला डिव्हाइस मेमरी समजून कॅश टाळून लिहितो. क्यूएमू तीच पानं कॅशमधून वाचतो. इंटेलवर केव्हीएम सहसा ईपीटीच्या, म्हणजे गेस्टची मेमरी होस्टच्या मेमरीशी जोडणाऱ्या तक्त्याच्या, नोंदीतच राइट-बॅक, म्हणजे कॅशमधूनच लिहायचं, असं ठरवून टाकतो, गेस्टचं मत विचारातच घेत नाही. आर्मवर मात्र स्टेज-१ (गेस्टचा तक्ता) आणि स्टेज-२ (होस्टचा तक्ता) मध्ये जो जास्त कडक, त्याचं चालतं. आणि इथे कडक असतो गेस्ट.

बूटच्या वेळीही हाच पेच. होस्टनं कर्नल इमेज कॅशमधून लिहिलेली, गेस्टचा एमएमयू, म्हणजे मेमरीचे पत्ते सांभाळणारा भाग, अजून बंद, म्हणून गेस्ट वाचणार थेट रॅममधून. म्हणून केव्हीएम पान जोडतानाच कॅशमधलं पॉइंट ऑफ कोहेरन्सीपर्यंत, म्हणजे सगळ्यांना एकच डेटा दिसतो तिथपर्यंत, उतरवून ठेवतो. हे काम मला फार आवडतं, कारण ते झालेलं कुणाला कळतही नाही.

फ्रेमबफरवर हा उपाय पुरत नाही, तिथे गेस्ट सतत लिहीत असतो. आर्म ८.४ मध्ये स्टेज-२ फोर्स राइट-बॅक आलं, तेव्हा होस्टच्या हाती निर्णय आला. तुमच्या होस्टच्या बूट लॉगमध्ये ते नाव शोधा. नसेल, तर गेस्टचं व्हीजीए हे जुन्या पद्धतीचं ग्राफिक्स कार्ड काढून व्हर्टआयओ जीपीयू हे आभासी यंत्रांसाठीच बनवलेलं कार्ड लावा. त्याचे बफर गेस्टच्या साध्या रॅममध्ये असतात, दोन्ही बाजू कॅशमधूनच बघतात.

आता व्हर्टआयओ जीपीयू लावून तोच गेस्ट पुन्हा चालवतो... बघा, रेघा गेल्या.