मागच्या सीटवरचा मोती

नमस्कार श्रोतेहो. दिवाळीची सुट्टी लागली की घरचा कुत्राही गाडीत बसून गावाला निघतो. आज त्याच्या प्रवासाविषयी बोलू.

सगळ्यात आधी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा. कुत्रा मागच्या सीटवर बसवायचा आणि हार्नेसच्या कडीपासून सीटबेल्टच्या बकलपर्यंत एक आखूड पट्टी लावायची. तिची लांबी इतकीच ठेवा, की त्याला बसता यावं, आडवं होता यावं, पण पुढच्या दोन सीटच्या मधून घुसता येऊ नये. ही पट्टी गळपट्ट्याला अडकवू नका. पुन्हा सांगतो, गळपट्ट्याला नाही, हार्नेसला. ताशी 40 किलोमीटरवर गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 20 किलोच्या कुत्र्यामुळे साधारण सव्वादोनशे किलोचा हिसका बसतो. तो मानेवर येऊ द्यायचा नाही. पुढची सीट तर नकोच, तिथे एअरबॅग असते.

आता मोतीची हकिगत ऐका. कराडचं एक कुटुंब चिपळूणला निघालं होतं. मोती गावठी, अठरा किलोचा. (गावठी कुत्र्यासारखा सोबती नाही. आपल्या उन्हाळ्यात हस्की आणून त्या जिवाला धापा टाकायला लावणं मला मुळीच पटत नाही.) कुंभार्ली घाटाच्या अलीकडे, हेळवाकला चहासाठी गाडी थांबली. इंजिन चालू, एसी चालू, चावी आत. साहेब उतरले, पाठोपाठ बाईही उतरल्या. मोती मोकळा होता. मालक कुठे गेला ते बघायला तो उडी मारून ड्रायव्हरच्या सीटवर आला, दारावर पंजे टेकले आणि 'खट्ट'! चारही दारं लॉक.

आधी सगळे हसले. मग लक्षात आलं, पेट्रोल काट्याच्या तळाला आहे. इंजिन बंद पडलं की एसी बंद, आणि डोक्यावर दुपारचं ऊन. साहेब दगड शोधायला लागले. तेवढ्यात टपरीवरच्या आजी म्हणाल्या, "काच कशाला फोडता? जिथं पंजा पडला तिथंच पुन्हा पाडा की!" आणि गरम कांदाभजी हातात धरून त्या ड्रायव्हरच्या काचेसमोर उभ्या राहिल्या. मोती काचेला नाक लावून नाचायला लागला. एकदा पंजा पडला, काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. तिसऱ्यांदा काचेच्या बटणावर पडला आणि काच चार बोटं खाली सरकली. बाईंचा हात बारीक, त्यांनी आत घालून लॉक उघडलं. भजी मोतीला मिळाली नाही, तेही बरंच झालं. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

हार्नेस लावलेला असता तर मोती पुढे आलाच नसता. चावी नेहमी खिशात ठेवा. मागच्या काचा बंद ठेवणारं बटण ड्रायव्हरच्या दारावर असतं, ते दाबून ठेवा. डोकं बाहेर असताना पंजा पडून काच वर गेली तर मान अडकते. आणि 'पाच मिनिटांत येतो' म्हणून बंद गाडीत कुत्रा ठेवू नका. बाहेर 24 अंश असले तरी आत दहा मिनिटांत 34 होतात.

आता सीट. निघण्याआधी तीन-चार तास खाणं नाही, पाणी थोडं थोडं. वाटेत बिस्किटं भरवू नका. लाळ गळणं, ओठ चाटणं, सारख्या जांभया दिसल्या की उलटी येणार, लगेच गाडी बाजूला घ्या. पुढच्या आणि मागच्या डोकेटेकणांना बांधायचं झोळीसारखं कव्हर घ्या, त्याला बकलसाठी खाच हवी. वर जुनी सतरंजी टाका. गुळगुळीत कव्हरवर कुत्रा वळणावळणाला घसरतो, घाबरतो आणि नखं रुतवतो.

तरी उलटी झालीच तर घासू नका, घासलं की ती फोममध्ये उतरते. पुठ्ठ्याने उचला आणि गार पाण्याचं फडकं दाबून टिपा. गरम पाणी नको, डाग पक्का बसतो. कापडी सीटवर दोन मोठे चमचे खायचा सोडा भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा. केसांसाठी रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढा, केसांच्या गुंडाळ्या होऊन निघतात. वास जावा म्हणून डांबरगोळ्या मात्र गाडीत ठेवू नका, त्या कुत्र्याला विष आहेत. चारही दारं उघडी टाकून गाडी तासभर उन्हात उभी करा.