बाइकचं इंजिन, मोटारीचा आवाज

(दृश्य: वाळूज एमआयडीसीतलं पत्र्याचं शेड. स्टँडवर चढवलेली, एकाच माणसाला बसता येईल अशी उघडी रेसकार.)

निवेदन:

1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुट्या भागांची, डायची, पत्राकामाची शेडं उभी राहत गेली. त्यातल्याच एका शेडमध्ये कॉलेज सुटलं की ही मुलं येतात. कुणी जालन्याचा, कुणी लातूरचा, एकजण बीडची. गाडी त्यांनी स्वतः बांधली आहे. चासी, म्हणजे सांगाडा, नळ्यांची, इंजिन केटीएम 390 बाइकचं. सिलिंडर एकच, 373 सीसीचा.

जायचंय कोइम्बतूरला, कारी मोटर स्पीडवेवर, फॉर्म्युला भारत या कॉलेजच्या मुलांनी बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धेला. गाडी पळते, ब्रेक लागतात. अडलंय आवाजावर.

नियम स्पष्ट आहे. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशांच्या कोनात मीटर धरायचा. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असताना, 103 डेसिबलच्या आत, रेस केल्यावर 110 च्या आत. रेस किती करायची, हे पिस्टनच्या सरासरी वेगावरून ठरतं: मिनिटाला साधारण 915 मीटर. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन एका दमात सरकतो ते अंतर, 60 मिलिमीटर. म्हणजे साधारण 7,500 आरपीएम, मिनिटाला तेवढे फेरे.

मुलांनी आधी मोबाइलवरच्या अॅपने आवाज मोजला होता. आकडा छान आला. खरा मीटर लावला तर 110 च्या पुढे. असं का? बरीच अॅप ‘ए’ मापाने मोजतात, आणि ते माप खालच्या सुरातला आवाज फार कमी धरतं. स्पर्धेचा मीटर ‘सी’ मापाचा असतो. त्यात घुमणारा, छातीत धडधडणारा आवाजही जवळजवळ पूर्ण मोजला जातो.

आणि एका सिलिंडरच्या इंजिनात तोच जास्त. 7,500 आरपीएमला सेकंदाला साधारण बासष्ट वेळा स्फोट होतो. चारशे-पाचशे अंश तापलेल्या वायूत या आवाजाची एक लाट आठ मीटरच्या आसपास लांब पसरते. ती सायलेन्सरमध्ये भरलेल्या इंचभर जाडीच्या ग्लासवूलमध्ये, म्हणजे काचेच्या लोकरीत, कशी जिरणार?

(दृश्य: रिव्हेट ड्रिलने उडवून सायलेन्सर उघडला जातो. जाळीचा पाइप बाहेर ओढतात. क्लोजअप.)

हे बघा. पुढच्या टोकाला ग्लासवूल काळं पडलंय, बोट लावलं की भुगा होतो. मागच्या बाजूला अजून पिवळं आहे. जिथे वायू सगळ्यात गरम आणि जोरात येतो, तिथलं ग्लासवूल आधी जळतं. बाइकवर हाच सायलेन्सर जास्त टिकतो. पण गाडीचं वजन बाइकपेक्षा जास्त. तेच इंजिन इथे जास्त वेळ पूर्ण थ्रॉटलवर राबतं आणि तेवढं तापतं.

ग्लासवूल बदललं की चिरका, कर्कश आवाज बसतो. धडधड तशीच राहते. तिला हवी मोकळी जागा. अरुंद पाइपातून वायू एकदम मोठ्या डब्यात शिरला की दाबाचा धक्का सैल पडतो, लाट थोडी माघारी फिरते आणि समोरून येणारीला कापते. या कामातला ठोकताळा असा, की सायलेन्सरचं पोट सिलिंडरच्या किमान दसपट हवं. म्हणजे इथे पावणेचार लिटर. बाइकचा सायलेन्सर जागेअभावी आखूड असतो. गाडीत मागे जागा आहे, मग आखूडच का ठेवायचा?

शेडचे मामा पत्रा वाकवता वाकवता म्हणतात, “आधी आवाज कुठून यायलाय ते बघ रे. शेवटाकडूनच येतो असं नाही.” इंजिनातून येणारा बेंड पाइप जिथे सायलेन्सरला मिळतो तिथे हात धरला तर चटका बसावा अशी गरम फुंकर. सांधा सैल आहे. अशा फटीतून बाहेर पडणारा आवाज सायलेन्सरपर्यंत पोचतच नाही, मग डबा कितीही मोठा करा. सांध्याची टोकं नीट बसवून स्प्रिंगा ओढून घेतल्यावर फुर्र आवाज थांबतो.

सायलेन्सर मोठा केला तर ताकद मरेल, ही भीती मुलांनाही होती. पण पेट्रोलच्या गाडीत इंजिनात जाणारी सगळी हवा नियमानुसार 20 मिलिमीटरच्या भोकातूनच घ्यावी लागते. ताकदीला लगाम आधीच तिथे लागलाय. बाहेरच्या वाटेवर थोडा मोठा, नीट आखलेला डबा बसवला तर फारसं काही हातचं जात नाही.

आपल्याकडे बुलेटचे फटाके वाजवत फिरणं म्हणजे ताकद, असा समज पक्का बसलाय. इंग्लंडमध्ये हायाबुसा किंवा आर-वन अशा मोठ्या बाइकचं इंजिन बसवलेल्या छोट्या गाड्या हौशी लोक ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवशी, आणतात. तिथेही मर्यादेपेक्षा मोठ्या आवाजाच्या गाडीला ट्रॅकवर सोडत नाहीत. शेजारच्या गावांच्या तक्रारींमुळे ट्रॅकच बंद पडायची भीती असते. या मुलांना ते बरोबर कळलंय.

(दृश्य: शेडबाहेरचं मोकळं मैदान. मीटर तिपाईवर.)

चाचणी बाहेर, भिंतींपासून लांब. भिंतीवरून परतलेला आवाज आकडा चढवतो. कानात बोळे घातलेत. बीडची पोरगी आरपीएमवर नजर ठेवून थ्रॉटल धरते. 7,500. मीटर 110 च्या खाली थांबतो.

कोइम्बतूरच्या पेटीत आता रिव्हेट गन, जादा स्प्रिंगा आणि नव्या ग्लासवूलची गुंडाळी भरली जातेय.