मानपान की मारामारी? गिनीपिगांचे सहजीवन

गिनीपिग पाळणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो की, दोन नर एकत्र ठेवले की ते भांडतात, तर त्यांना वेगळे करावे का. या प्रश्नाला सरसकट ‘हो’ असे उत्तर देणे सोपे असले तरी बहुतेक वेळा ते चुकीचे ठरते, कारण आपण ज्याला भांडण समजतो, त्यातला बराचसा भाग मानपान ठरवण्याचा असतो. तो पूर्ण होऊ न देता प्राण्यांची ताटातूट केली, तर पुढच्या भेटीत त्यांना सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांचा. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला मांसासाठी माणसाळवले आणि पेरूमधल्या खेड्यांत आजही स्वयंपाकघराच्या जमिनीवर त्यांचे कळप मोकळे फिरताना दिसतात. पिढ्यानपिढ्या अशा दाटीवाटीत वाढल्यामुळे पाळीव गिनीपिग आपल्या रानटी भाऊबंदांपेक्षा कमी भांडखोर, जास्त बोलका आणि सोबतीला सरावलेला झाला आहे. एकट्या ठेवलेल्या गिनीपिगाला पाहून ‘किती शांत आहे बिचारा’ असे आपण कौतुकाने म्हणतो; पण ज्याच्याशी बोलायचे असा जोडीदारच समोर नसेल, तर तो बोलणार तरी कोणाशी? स्वित्झर्लंडने 2008 साली केलेल्या प्राणिसंरक्षण नियमांत गिनीपिग एकटा ठेवण्यास मनाई केली, ती याच कारणाने.

आता दोन अनोळखी नरांची पहिली भेट बारकाईने पाहू. आधी ते एकमेकांची हनुवटी आणि मागचा भाग हुंगतात. मग त्यांतला एक पाय जड टाकत, ढुंगण डावीउजवीकडे झुलवत दुसऱ्याभोवती फिरू लागतो आणि त्याच्या घशातून खोल, थरथरती घरघर निघते. दुसरा नाक वर उचलतो, पहिला त्याहून वर उचलतो. पाठीवर चढणे, पाठलाग करणे, दबलेल्याने किंचाळून पळ काढणे, हे सारे इथपर्यंत रीतीला धरून चालले आहे आणि किंचाळी कितीही केविलवाणी वाटली तरी बहुधा कोणालाही इजा झालेली नसते. मात्र मानेवरचे केस ताठ उभे राहिले, दात एकसारखे कटकट वाजू लागले आणि जांभई द्यावी तसे तोंड उघडून दात दाखवले गेले, तर तो इशारा गंभीर समजावा. दोघांचा एक गोळा होऊन ते गडगडू लागले किंवा रक्त दिसले, तर त्यांना तत्काळ वेगळे करावे; पण त्यासाठी मध्ये उघडा हात घालू नये, जाड टॉवेल टाकावा.

काही नर मानपानावर थांबतात आणि काही थेट मारामारीवर उतरतात, असे का होते, हा या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न आहे. जर्मनीतील प्राणिवर्तनाचे अभ्यासक नॉर्बर्ट झाक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासातून दिसते की, याचे उत्तर स्वभावापेक्षा संगोपनात जास्त आहे. नर-मादींच्या मोठ्या कळपात वाढलेला नर वयात येताना मोठ्या नरांकडून दटावला जातो आणि माघार केव्हा घ्यायची, हे शिकतो. पुढे त्याला परक्या नरासमोर ठेवले तरी दोघांचे लवकरच जमते आणि शरीरातील कॉर्टिसॉल या ताणसंप्रेरकाचे प्रमाण फारसे वाढत नाही. याउलट केवळ एका मादीच्या सोबतीने वाढलेला नर त्याच प्रसंगी हल्ला करतो आणि हरणाऱ्याची अवस्था फार वाईट होते. याच अभ्यासात असेही आढळले की, नव्या जागी नेलेल्या नराची घालमेल घट्ट नाते जुळलेल्या मादीच्या सहवासात कमी होते, अनोळखी किंवा नुसत्या तोंडओळखीच्या मादीच्या सहवासात मात्र होत नाही. म्हणजे सोबत हवी, पण ती कोणाचीही चालत नाही.

म्हणूनच नर पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यावर आईपासून वेगळे करणे भाग असले, तरी त्याला एकटे न ठेवता एखाद्या समंजस प्रौढ नराच्या हाती सोपवावे. (आपल्याकडच्या दुकानांतून ‘दोन माद्या’ म्हणून आणलेली जोडी पुढे पिल्ले देते, हाही नेहमीचाच अनुभव, आणि मादी प्रसूतीनंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते, हे ध्यानात ठेवावे.) माद्यांचे आपसांत सहसा बरे जमते, तरी साधारण 16 दिवसांनी येणाऱ्या माजाच्या वेळी त्याही नरासारख्या घरघरत एकमेकींच्या मागे लागतात. एक-दोन दिवसांत ते आपोआप शमते.

पिंजऱ्याची रचनाही भांडणाला कारणीभूत ठरते. दोघांसाठी किमान 7.5 चौरस फूट जागा असावी, नरांसाठी त्याहून अधिक. लपायच्या प्रत्येक खोपटाला दोन दारे असावीत, कारण एकच दार असेल तर दबलेला प्राणी आत कोंडला जातो आणि नाइलाजाने चावतो. वाळले गवत दोन ठिकाणी आणि पाण्याच्या बाटल्याही दोन ठेवाव्यात. ससा ही गिनीपिगाची सोबत नव्हे: त्याची लाथ जीवघेणी ठरू शकते आणि त्याच्या श्वसनमार्गातील जंतू गिनीपिगाला आजारी पाडतात.

वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने राहणारी जोडी अचानक भांडू लागली, तर आधी त्यांची दुखणी तपासावीत. दातांची वाढ, मूतखडा किंवा वयस्क मादीच्या अंडाशयातील गाठ यांमुळे प्राणी चिडचिडा होतो. जोडीतला एक गेल्यावर उरलेल्याने खाणे टाकले, तर 12 तासांहून अधिक वाट न पाहता पशुवैद्य गाठावा, आणि तो सावरला की त्याला नवा सोबती आणताना तो शक्यतो लहान वयाचा निवडून, दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून मगच दोघांची भेट घडवावी.