१९३६ : फैजपूरचा डिसेंबर

उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, खाली तापीच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन. यावल तालुक्यातलं हे फैजपूर. आज इथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा दिसतात. आपल्याला मात्र जायचंय १९३६ च्या डिसेंबरात, पूर्व खान्देश जिल्ह्यातल्या एका गावात, जिथं रेल्वेसुद्धा येत नव्हती.

त्या वर्षी देशात बरंच काही घडत होतं. एप्रिलमध्ये लखनौला अखिल भारतीय किसान सभा स्थापन झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. तेच पुढचं सेवाग्राम. ऑगस्टमध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नोव्हेंबरमध्ये त्रावणकोर संस्थानाची देवळं दलितांना खुली झाली. आणि वर्ष सरता सरता काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते फैजपुरात.

तोवर अधिवेशनं भरायची मुंबई, कलकत्ता, लाहोर अशा शहरांत. खेड्यात भरलेलं हे पहिलंच. गावाबाहेर मोकळ्या रानात अधिवेशनासाठी टिळकनगर उभं राहिलं. त्याची उभारणी वास्तुरचनाकार म्हात्रे आणि शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली. गांधीजींची अट एकच होती : जे गावात मिळतं त्यातूनच उभं करा. म्हणून बांबू आणि गावकारागिरांचे हात. आपल्या सुतार-बुरुडांच्या कामाला देशाच्या मंडपात असा मान मिळाला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

यामागे महिनोन् महिन्यांचे कष्ट होते. धनाजी नाना चौधरींसारखे इथलेच कार्यकर्ते राबत होते, साने गुरुजी प्रचारासाठी गावोगाव फिरत होते.

अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. एकाच वर्षात दुसऱ्यांदा. बैलांच्या सजवलेल्या रथातून त्यांची मिरवणूक निघाली. झेंडा चढवताना दोरी अडकली आणि तिरंगा मध्येच थांबला. खाली माणसं माना वर करून बघताहेत. तेवढ्यात एक तरुण त्या उंच खांबावर सरसर चढला आणि त्यानं झेंडा मोकळा केला.

नेहरू बोलले ते फक्त इंग्रज सरकारविषयी नाही. स्पेनमध्ये पेटलेल्या यादवीविषयी, युरोपात वाढत चाललेल्या फॅसिझमविषयीही बोलले. कपाशी पिकवणाऱ्या माणसांच्या गावात स्पेनची गोष्ट निघाली होती!

पण या सगळ्यात मन थांबतं ते एका वेगळ्याच चित्रापाशी. पाचशेवर शेतकरी मनमाडहून पायी निघाले होते. वाटेतल्या गावांना आपली मागणी सांगत, सभा घेत, ते फैजपुरात पोचले. त्यांच्या स्वागताला नेहरू, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव, डांगे, मानवेंद्रनाथ रॉय असे वेगवेगळ्या वाटांचे पुढारी एकत्र उभे होते. मंदीनं शेतमालाचे भाव पाडले होते, शेतसारा मात्र तसाच होता. सावकाराची वही तर कधी मिटतच नव्हती. थंडीचे दिवस, पायांना भेगा, फडक्यात भाकरी. असं चालत येणाऱ्याला भाषणापेक्षा उत्तर हवं असतं.

इथंच किसान सभेचंही दुसरं अधिवेशन झालं, प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली. आणि काँग्रेसनं फैजपुरात शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. सारा आणि कुळानं मालकाला द्यायचा खंड कमी व्हावा, कर्जाचा बोजा हलका व्हावा, कुळाला जमिनीवरून हुसकता येऊ नये, शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता मिळावी. कागदावर का होईना, देशातल्या सर्वांत मोठ्या संघटनेनं हे शब्द लिहून घेतले, तेही गावात बसून.

दोनच महिन्यांत, १९३७ च्या सुरुवातीला, प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई इलाख्यात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि जुलैत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. मतदानाचा हक्क मात्र तेव्हा सारा, मालमत्ता किंवा शिक्षण पाहून मिळायचा. ज्याच्या मजुरीचा ठराव फैजपुरात झाला, त्या भूमिहीन मजुराचं नाव बहुतेक ठिकाणी मतदारयादीत नव्हतंच.