एक सिंगल कोट आणि उघडं लॉगिन

हा बघा लॉगिनचा फॉर्म. युजरनेममध्ये एक सिंगल कोट, पुढे ऑर १=१, मग दोन डॅश. पासवर्ड रिकामाच. एंटर... आणि आत! याला म्हणतात एसक्यूएल इंजेक्शन, एसक्यूएल म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा.

काय झालं ते खालच्या काळ्या विंडोत दिसतंय, तिथे डेटाबेसचा लॉग सुरू आहे. कोडमध्ये क्वेरीची, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाची, स्ट्रिंग प्लसने जोडलीये, त्यामुळे टाइप केलेलं सगळं थेट एसक्यूएलमध्ये जाऊन बसलं. कोट आला तसं नाव तिथेच संपलं, ऑर १=१ ही अट झाली जी टेबलमधल्या प्रत्येक रोला लागू होते, आणि दोन डॅशनंतरचं सगळं, पासवर्डच्या चेकसकट, कॉमेंट झालं. कोड त्यातली पहिली रो उचलतो, आणि ती बहुतेक वेळा अ‍ॅडमिनची असते.

ही ट्रिक जुनी आहे हां. फ्रॅक या हॅकर्सच्या मासिकाच्या डिसेंबर १९९८ च्या अंकात रेन फॉरेस्ट पपी या टोपणनावाने लिहिणाऱ्याने ती मांडली होती. २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या टेलिकॉम कंपनीतून दीड लाखाहून जास्त ग्राहकांचा डेटा याच वाटेने गेला, ४ लाख पाउंड दंड झाला.

आता बरेच जण करतात तो उपाय, कोट काढून टाकणारा फिल्टर. लावला. पण हे दुसरं पान बघा, इथे आयडी हा आकडा आहे, क्वेरीत त्याला कोटच नाही, ५ ऑर १=१ टाकलं की सगळी यादी बाहेर. फिल्टर नुसता बघत बसला.

आता तोच कोड, पण प्लस काढलाय आणि व्हॅल्यूच्या जागी प्लेसहोल्डर, म्हणजे नुसती राखीव जागा, ठेवलाय. प्रिपेअर्ड स्टेटमेंट. लॉगमध्ये आता दोन ओळी आहेत, वर क्वेरी, तिच्यात नावाच्या जागी नुसतं डॉलर १, आणि खाली वेगळा पॅरामीटर. डेटाबेसने क्वेरी आधीच पार्स केलीये, म्हणजे वाचून तिचा अर्थ लावलाय, व्हॅल्यू नंतर येते, तेव्हा त्या कोटला वाक्य तोडायला वावच उरत नाही, तो आख्खा मजकूर एक विचित्र नाव म्हणून शोधला जातो आणि शून्य रो. मला तरी फिल्टरच्या शंभर ओळींपेक्षा ही एक ओळ आवडते.

ओआरएम, म्हणजे आपल्यासाठी क्वेरी लिहून देणारी लायब्ररी, वापरतो म्हणून निवांत बसलेल्यांनी हा शेवटचा शॉट बघा, हाताने लिहिलेल्या रॉ क्वेरीत परत तोच प्लस. आणि ही ऑर्डर बायची, म्हणजे यादी क्रमाने लावायची ओळ, इथे कॉलमचं नाव प्लेसहोल्डरमधून देता येत नाही, म्हणून कोडमध्ये तीनच नावांची यादी ठेवलीये, त्याबाहेरचं काही आलं की थेट एरर.