नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मघाशी माझी ओळख करून देताना आयोजक म्हणाले, ‘हे संस्थांना नावं ठेवतात.’ एका अनुस्वाराने घोटाळा केला, पण तो दुरुस्त करायची गरज नाही. आज मी दोन्ही करणार आहे.

विषय आहे अमेरिकेतल्या क्रेडिट युनियनच्या नावांचा. क्रेडिट युनियन म्हणजे आपल्या शब्दांत पतसंस्था. ठेवीदार आणि कर्जदार हेच तिचे मालक, आणि ठेव कितीही असली तरी मत प्रत्येकाला एकच. तिकडे १९३४ साली केंद्रीय कायदा झाला आणि त्यात एक अट होती : सभासदांचं आपसांत आधीपासून काहीतरी नातं हवं. एकच मालक, एकच संघटना किंवा एकच वस्ती. रस्त्याने चाललेल्या कुणालाही आत घेता येत नसे. त्यामुळे नावाचा प्रश्नच पडत नव्हता. कंपनीचं नाव घ्या, पुढे ‘एम्प्लॉइज’ लावा, झालं बारसं. १९३५ मध्ये सिएटलला बोइंगच्या कामगारांनी काढलेली ‘बोइंग एम्प्लॉइज क्रेडिट युनियन’. त्याच वर्षीची ‘युनायटेड एअरलाइन्स एम्प्लॉइज क्रेडिट युनियन’. कॅलिफोर्नियाच्या सरकारी नोकरांच्या संस्थेला तर चक्क नंबर होता : ‘कॅलिफोर्निया स्टेट एम्प्लॉइज क्रेडिट युनियन नंबर वन’. रुक्ष नावं, मान्य. पण पैसे कुणाचे आणि कुणासाठी, याचं उत्तर पाटीवरच मिळत होतं.

मग नावं बदलायची वेळ का आली? कंपन्या विकल्या गेल्या, कारखाने बंद पडले. १९६९ च्या सुमारास तेवीस हजारांवर क्रेडिट युनियन होत्या, आज पाच हजारसुद्धा उरलेल्या नाहीत. बहुतेक एकमेकींत विलीन झाल्या. चार कंपन्यांचे सभासद एका छताखाली आले की एकाच कंपनीचं नाव बाकीच्या तिघांना खुपणारच.

यातलं एक प्रकरण मला फार बोलकं वाटतं. नॉर्थ कॅरोलायनात ‘एटी अँड टी फॅमिली फेडरल क्रेडिट युनियन’ नावाची संस्था होती. तिने एटी अँड टी या टेलिफोन कंपनीशी संबंध नसलेल्या कंपन्यांचेही कामगार सभासद करून घेतले, आणि बँका कोर्टात गेल्या. फेब्रुवारी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी बँकांच्या बाजूने निकाल दिला. त्याच ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदाच बदलला आणि अनेक गटांचे सभासद घ्यायला वाट करून दिली. पुढच्या वर्षी या संस्थेने जुनं नाव टाकलं आणि नवं घेतलं : ‘ट्रुलियंट’.

हा शब्द शब्दकोशात सापडायचा नाही. तो मुद्दाम बनवलेला आहे. कानाला ‘ट्रू’ ऐकू येतं आणि मागे ‘रिलायंट’चा भास होतो. खरं आणि भरवशाचं, असं काहीतरी. वकिलाला विचारलं तर तो खूष होईल. अमेरिकेत ट्रेडमार्कच्या ताकदीची एक शिडी मानतात. १९७६ च्या ‘सफारी’ या शब्दावरच्या खटल्यापासून वकील तिचा दाखला देत आले आहेत. सर्वांत खाली वस्तूचंच नाव. ‘क्रेडिट युनियन’ हे शब्द कुणाच्या मालकीचे होऊ शकत नाहीत. त्यावर वर्णन करणारे शब्द, त्यावर सूचक शब्द, त्यावर रोजचेच पण धंद्याशी काडीचा संबंध नसलेले शब्द, जसं कॉम्प्युटरला ‘अ‍ॅपल’. आणि शेंड्यावर निव्वळ बनवलेले, जसं ‘कोडॅक’. जितके वर जाल तितका हक्क पक्का. संस्थेचं नाव ठरवणाऱ्या समितीतल्या लोकांना हे समजावलं की ते थेट शेंड्याकडे उडी मारतात. तिथे आधीच किती गर्दी आहे हे त्यांना दिसत नाही.

कारण बनवतात ते कशातून? ‘ट्रू’, ‘व्हँटेज’, ‘अलाय’, ‘युनि’, असे पाच-सहा तुकडे. ट्रुमार्क आहे, ट्रुस्टोन आहे, ट्रुवेस्ट आहे, आणि या तिन्ही क्रेडिट युनियनच आहेत. मघाच्या युनायटेड एअरलाइन्सवाल्या संस्थेने २००३ मध्ये नाव घेतलं ‘अलायंट’. ट्रुलियंट आणि अलायंट ही नावं फोनवर एकापाठोपाठ म्हणून पाहा.

आणि मग २०१९ मध्ये बीबी अँड टी आणि सनट्रस्ट या दोन मोठ्या बँका एक व्हायला निघाल्या आणि त्यांनी नाव जाहीर केलं : ‘ट्रुइस्ट’. काही दिवसांतच ट्रुलियंटने दावा लावला. नाव आमच्यासारखं आहे, राज्यही तेच, लोक गोंधळतील. प्रकरण पुढे आपसांत मिटलं. माझी सहानुभूती ट्रुलियंटकडेच आहे, अवाढव्य बँक शेजारी येऊन तसलीच पाटी लावते तेव्हा राग येणारच. पण ज्या तुकड्यावर त्यांचा जीव होता तो तुकडा कधी त्यांच्या एकट्यांचा नव्हताच. कायद्याच्या लेखी वेगळा असलेला शब्द कानालाही वेगळा वाटेल असं नाही.

या उलट जी नावं मला आवडतात, ती बघा. ‘पॅटेल्को’ ऐकून आपल्यापैकी काहींना एखादे पटेल आठवतील. पण ते आहे पॅसिफिक टेलिफोन कंपनीच्या नावातले तुकडे जोडून केलेलं, १९३६ सालच्या टेलिफोनवाल्यांच्या संस्थेचं. ‘नंबर वन’वाल्यांनी आपला नंबर जपला आणि राज्याच्या ‘गोल्डन स्टेट’ या टोपणनावाशी जोडून ‘गोल्डन वन’ केलं. बोइंगवाल्यांनी काहीच बनवलं नाही, आद्याक्षरं ठेवली : ‘बीईसीयू’. आणि माझं सर्वांत लाडकं, ‘डिजिटल फेडरल’. ती १९७९ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर कंपनीच्या नोकरांसाठी निघाली. १९९८ मध्ये कंपनी कॉम्पॅकने गिळली, पण संस्थेची पाटी राहिली, आणि नव्या माणसाला वाटायचं की काय आधुनिक नाव घेतलंय! असं नशीब सगळ्यांना लाभत नाही. पण या सगळ्या नावांच्या मुळाशी त्या-त्या सभासदांखेरीज कुणाकडेच नसलेली एक गोष्ट आहे.

केंद्रीय परवान्याची संस्था असेल तर तिच्या अधिकृत नावात ‘फेडरल क्रेडिट युनियन’ हे शब्द यावेच लागतात. म्हणजे तुमच्या हातात उरतो एखाद-दुसरा शब्द. ट्रेडमार्कची नोंद तपासणं, वेबपत्ता मोकळा आहे का बघणं, ही कामं वकील आणि कारकून दोन दिवसांत करतात. खरं काम त्या एका शब्दाचं.

एका संस्थेच्या नाव-समितीत मी सल्लागार होतो. कुठली ते सांगत नाही. भिंतीवर चाळीसेक नावं लावलेली. टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंना मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, वीस वर्षं त्या एकाच खुर्चीवर. त्या उठल्या, आमच्याकडे पाठ केली, तोंडापुढे हात धरला, आणि सगळ्यांच्या पसंतीचं बनवलेलं नाव म्हणाल्या. ‘लिहा.’ आम्ही अकरा जण, स्पेलिंगं निघाली सात. ‘हे मला दिवसभर फोडून सांगत बसावं लागणार,’ बाई म्हणाल्या.

मग त्यांनी आणखी एक नाव उच्चारलं, भिंतीवर नसलेलं. ‘गेट फोर.’ संस्थेचं पहिलं टेबल कारखान्याच्या चौथ्या फाटकाशी मांडलं होतं, आणि जुने सभासद अजूनही ‘गेट फोरला पैसे भरले’ असंच म्हणत. कुणी आकडा लिहिला, कुणी अक्षरं, पण चुकलं कुणीच नाही. शिडीवरही त्याची जागा चांगली वर होती, कारण फाटकाचा पैशाशी संबंध काय? समिती मात्र हसली. फारच साधं आहे म्हणे, आणि कारखाना तर कधीच पाडला. बहुमताने भिंतीवरचंच नाव घेतलं.

परवा कामानिमित्त तिकडे फोन केला. बाईंनीच उचलला. आधी संस्थेचं नाव सांगितलं, आणि मी काही विचारायच्या आत, एकेक अक्षर सुटं करून, स्पेलिंग.